सुप्रियाताईंनी विधेयक मांडलं होतं, आपण त्यांना साधं पत्र तरी लिहिलं का?

धायरीची आई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहितेच.

आम्ही धायरीला राहतो. पत्ता पुण्याचा, पण लोकसभेला आमचं मत बारामती मतदारसंघात जातं. दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर आणि आमचं खडकवासला असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. म्हणजे धायरी, वारजे, सिंहगड रोडच्या बऱ्याच लोकांच्या खासदार सुप्रिया सुळे. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

माझा मुलगा समलिंगी आहे. चौतीस वर्षांचा. तो आणि त्याचा जोडीदार वारज्याला एकत्र राहतात. त्याने आम्हाला २०१७ साली सांगितलं तेव्हा मी वर्षभर नीट जेवले नाही, त्याच्याशी नीट बोललेही नाही. त्या वर्षाचं दुःख अजून मनात आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ वरचा निकाल आला, समलिंगी संबंध आता गुन्हा नाहीत असा. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी लिहिलं होतं की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या घरच्यांची माफी मागायला हवी. ह्यांनी ते वाक्य पेपरातून मोठ्याने वाचलं आणि 'घरच्यांची'ला आवाज फुटेना. आठवडाभरात गणपती होते. त्या वर्षी पहिल्यांदा मुलाचा जोडीदार आमच्याकडे आरतीला आला. तबक त्याच्या हातात मी दिलं.

आता मूळ मुद्दा. १ एप्रिल २०२२, शुक्रवार. त्या दिवशी सुप्रियाताईंनी लोकसभेत विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये दुरुस्ती सुचवणारं अशासकीय विधेयक मांडलं. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. गुढीला साखरेची गाठी बांधता बांधता मी बातमी वाचली. कायद्यात जिथे जिथे पती आणि पत्नी आहे तिथे 'जोडीदार' असा शब्द यावा, दोघे पुरुष असतील तर वय २१ आणि दोघी स्त्रिया असतील तर १८ पूर्ण असावं, असा मजकूर. मी ती बातमी कापून कपाटात कागदांच्या फायलीत ठेवली. आपल्या खासदाराने, आपल्या मताने निवडून गेलेल्या बाईने, माझ्या मुलासाठी संसदेत कागद ठेवला होता. पण मी काय केलं? कात्रण ठेवलं. एक ओळ त्यांना लिहिली नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मुलाचा नवले पुलाजवळ अपघात झाला. आम्ही दोघे वाईला लग्नाला गेलो होतो. जोडीदारानेच त्याला उचलून दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव घेत नाही. डोक्याला मार, मांडीचं हाड मोडलेलं, शुद्ध येत-जात होती. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर 'रुग्णाशी नाते' असा रकाना असतो. तो कागद मी नंतर पाहिला. आधी 'मित्र' लिहून खोडलेलं. वर 'रूममेट' लिहून तेही खोडलेलं. मग रकाना रिकामा, आणि शेजारी दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात 'वडील येत आहेत'. ह्यांनी वाईहून कागदावर सही करून फोटो पाठवला, तेव्हा पुढची हालचाल झाली. आम्ही पोचलो तेव्हा तो पोरगा बाहेरच्या बाकावर बसलेला. शर्टाची पुढची बाजू रक्ताने कडक झालेली, मांडीवर माझ्या मुलाचं हेल्मेट. त्याला आत सोडलं नव्हतं. मला बघून तो उठला आणि म्हणाला, "काकू, मी सांगितलं त्यांना, पण मला कोण म्हणून सांगायचं ते येईना."

दोन महिन्यांनी, १७ ऑक्टोबरला, समलिंगी विवाहावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पायात रॉड घातलेला मुलगा, तो आणि आम्ही दोघे, चौघांनी मोबाइलवर बघितला. पाचही न्यायाधीश म्हणाले की लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि कायदा बदलायचा तर ते काम संसदेचं. न्यायालयाने बोट दाखवलं ते संसदेकडे, आणि संसदेत माझ्याच खासदाराने दीड वर्ष आधी कागद ठेवलेला. जून २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि तो कागद आपोआप बाद झाला. विरोधात मतदान नाही, चर्चा नाही.

मला वाटतं, असं काही मांडणाऱ्या लोकप्रतिनिधीला शिव्या देणारे लगेच कळवतात. ज्यांच्यासाठी ती उभी राहते ते गप्प बसतात. मग पुढच्या वेळी तिने कुणाच्या भरवशावर उभं राहायचं? मला पत्र लिहायचं आहे. मतदार म्हणून, आई म्हणून. काय लिहावं, कसं पोचवावं, यात मदत करा. आणि याच मतदारसंघातले कुणी असाल तर सही करायला या.

---

शिवाजीनगर कोर्ट

ताई, तुमचा धागा वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. मी वकिली करतो, तेवढ्यापुरतं लिहितो.

मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं ते अशासकीय विधेयक. लोकसभेत त्यासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास. कुणाचं चर्चेला येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. स्वातंत्र्यापासून अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली. म्हणून कुणी म्हणेल की याला अर्थ काय. अर्थ आहे, आणि याच विषयात तो दिसतो.

तिरुची शिवा हे द्रमुकचे राज्यसभेतले खासदार. तृतीयपंथीयांच्या हक्कांचं त्यांचं अशासकीय विधेयक २४ एप्रिल २०१५ ला राज्यसभेने एकमताने मंजूर केलं. एखाद्या सभागृहाने असं विधेयक मंजूर करण्याची ही ४५ वर्षांतली पहिली वेळ होती. लोकसभेत ते पुढे गेलं नाही, पण त्यानंतर सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ चा कायदा झाला. तो कायदा पुरेसा आहे का, हा वेगळा वाद.

उलट उदाहरण शशी थरूरांचं. ३७७ मध्ये दुरुस्ती करायचं विधेयक त्यांनी १८ डिसेंबर २०१५ ला मांडायला घेतलं. मांडतानाच कुणी विरोध करत नाही असा संकेत असतो. इथे मतदान मागितलं गेलं आणि २४ विरुद्ध ७१ ने ते दारातच अडलं. मार्च २०१६ मध्ये पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा १४ विरुद्ध ५८. प्रत्येक वेळच्या दोन्ही बाजूंच्या मतांची बेरीज करून बघा. साडेपाचशेच्या सभागृहात मत द्यायला एकाही वेळी शंभर जणसुद्धा नव्हते. बाकीच्यांना आपल्या मतदाराला यात काही वाटतं याची कल्पनाच नव्हती. तुमचं पत्र लागतं ते तिथे.

---

निवृत्त माणूस

ताई, मुलाच्या अपघाताचं वाचून वाईट वाटलं. त्या मुलाला बाहेर बसवलं ते चुकलंच.

तरी माझं मत मोकळेपणाने लिहितो. सिंहगड रोडला रोज दोन तास वाहतुकीत जातात. नवीन समाविष्ट गावांत टँकर चालू आहेत. खासदाराने संसदेतला वेळ आधी यावर घालवावा असं मला वाटतं. दुसरं, लग्न हा आपल्याकडे संस्कार आहे, सप्तपदी आहे. कायद्याने शब्द बदलून तो बदलू नये. दोघांनी एकत्र राहावं, कुणी त्रास देऊ नये, इथपर्यंत मी तुमच्या बाजूने आहे. लग्नापर्यंत नाही.

---

धायरीची आई

काका, स्पष्ट लिहिलंत, बरं वाटलं. टँकरचं म्हणाल तर आमच्याकडेही येतो. त्याचं पत्र मी स्वतः दोनदा दिलंय. माणूस एकाच वेळी दोन पत्रं लिहू शकतो.

सप्तपदीबद्दल. विशेष विवाह कायद्यात सप्तपदी नाहीच हो. त्यात नोटीस असते, तीस दिवस कचेरीच्या फळ्यावर लागते, मग तीन साक्षीदार आणि सह्या. माझ्या भाचीने त्याच कायद्याने ख्रिश्चन मुलाशी लग्न केलं. तिच्या लग्नात ना अग्नी होता ना चर्च. तुमच्या-माझ्या लग्नाचा कायदा वेगळा आहे, त्याला या विधेयकात कुणी हात लावला नव्हता. देवघरातलं काही मागितलं नाहीये. मागितलाय तो निबंधकाच्या रजिस्टरमधला एक रकाना.

---

जुनी पानं

काकांच्या संस्काराच्या मुद्द्यावर थोडा इतिहास. आपल्याच मुलखातला.

१९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी केंद्रीय कायदेमंडळात हिंदूंचे आंतरजातीय विवाह कायदेशीर ठरवणारं विधेयक मांडलं. मराठीत ते 'पटेल बिल' म्हणून गाजलं. सरकारी नव्हे, एका सभासदाचं. धर्म बुडाला म्हणून केवढा गदारोळ झाला. छत्रपती शाहू महाराजांनी मात्र उघड पाठिंबा दिला आणि १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात स्वतःचा कायदाही करून टाकला. पटेल बिल बारगळलं. देशभरासाठी तसा कायदा १९४९ साली झाला. एकतीस वर्षं गेली. आज त्या बिलाच्या विरोधकांची नातवंडं-पतवंडं त्याच हक्काने लग्नं करतात.

पुण्यातच धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं. विधवाविवाहाचा कायदा होऊन ३७ वर्षं झाली होती, तरी मुरूडला त्यांच्यावर बहिष्कार पडला. म्हणजे कायदा झाला की समाज बदलतो असंही नाही. पण कायदा होता म्हणून त्या लग्नाला बेकायदेशीर म्हणायची सोय कुणाला राहिली नाही.

त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे तर या धाग्याच्या अगदी जवळचे. 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी १९२७ ते १९५३ चालवलं. वाचक लैंगिक शंका विचारत, ते छापून उत्तर देत. त्यात समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली त्यांची बाजू कोर्टात कुणी मांडली? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला, मासिक चालू राहिलं. तेव्हा 'हे सगळं बाहेरून आलेलं खूळ' असं कुणी म्हणालं की मी हे सांगतो.

---

सासवडचा

मी याच मतदारसंघातला. पुरंदर. वय २६, पुण्यात नोकरी. घरी माहीत नाही, म्हणून सही करू शकणार नाही. माफ करा काकू.

पण एक सांगायचंय. २०२२ ला ती बातमी आली तेव्हा आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकली. खाली घाणेरडं बरंच आलं. मग एका मास्तरांनी लिहिलं, "ताईंनी मांडलंय म्हणजे विचार करूनच मांडलं असेल, आधी वाचा." बस, एवढंच. ग्रुप गप्प झाला. ते मास्तर मला ओळखतसुद्धा नाहीत. मी त्या रात्री रडलो. आमच्या भागात पवारांच्या घरातलं माणूस एखादी गोष्ट बोललं की ती बोलण्यासारखी होते. विधेयक पास झालं नाही हे मला नंतर कळलं. माझ्यापुरतं ते त्या रात्री पोचलं होतं.

लग्नाचं मी आत्ता स्वप्नही बघत नाही. मला हवंय की घरमालकाने विचारू नये. गेल्या वर्षी मी आणि माझा मित्र (जोडीदार म्हणायची अजून सवय नाही) कोथरूडला फ्लॅट बघायला गेलो. करारनामा झाला, भाडेकरू पडताळणीचे फॉर्म भरले, अनामत दिली. एकच बेड बघून मालक म्हणाले, महिनाअखेर खाली करा. भांडायचं कुणाकडे? ३७७ गेलं, म्हणजे पोलीस पकडणार नाहीत एवढंच. घर नाकारलं तर दाद मागायला कुठला कायदा आहे? पत्रात हे टाकता येईल का?

---

धायरीची आई

बाळा, माफी कसली. तुझ्या वाटची सही मी करते. घराचा मुद्दा पत्रात घालते. आणि जेवायला ये कधीतरी, व्यनि (खासगी निरोप) कर.

---

भोसरीहून

मी तृतीयपंथी आहे. माझा मतदारसंघ वेगळा, तरी बोलते.

लग्नाचा विषय निघाला की आमचा मागे पडतो, असं आम्हाला बऱ्याचदा वाटतं. आमच्या हक्कांवरचा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल १५ एप्रिल २०१४ चा. आम्ही कोण हे ठरवायचा हक्क आमचाच, असं न्यायालय म्हणालं. आम्हाला शिक्षणात, नोकरीत राखीव जागाही द्या म्हणालं. मग २०१९ चा कायदा आला त्यात राखीव जागा नव्हत्याच. ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. आणि आमच्यापैकी कुणावर लैंगिक अत्याचार झाला तर जास्तीत जास्त शिक्षा लिहिली दोन वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर कमीत कमी दहा. तेव्हा ते वाचून आमच्या गुरू म्हणाल्या होत्या, "आपल्या अंगाची किंमत पण ठरवून टाकली."

चांगलंही सांगते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये आमच्यातल्या काहींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं. माझी एक बहीण तेव्हा लागली. पहिल्या दिवशी गणवेश घालून आली तेव्हा शेजारच्या बायका, ज्या दार लावून घ्यायच्या, त्यांनी तिला थांबवून विचारलं, "ड्युटी किती ते किती?" सिग्नलवर तिला कुणी वेळ विचारली नव्हती. तो निर्णय कायद्याने नाही झाला, खुर्चीवरच्या माणसांनी मनावर घेतलं म्हणून झाला. पत्रात आम्हालाही धरा. जागा थोडी असली तरी चालेल.

---

शिवाजीनगर कोर्ट

@सासवडचा: थेट घरभाड्यातल्या भेदभावासाठी खासगी मालकाविरुद्ध बोट ठेवावं असं कलम आज नाही. भेदभावविरोधी कायदा हवा ही जुनी मागणी आहे आणि ती लग्नाइतकीच महत्त्वाची, माझ्या मते जास्तच. मात्र करार संपायच्या आधी बाहेर काढताना मालकाला करारातली नोटीस द्यावीच लागते. कागद घेऊन या, बघू.

सगळ्यांसाठी, आजही करता येण्यासारखं काही आहे. लग्नाच्या २०२३ च्या निकालानंतर केंद्राने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या पहिल्या काही बैठकांनंतर ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यांना आणि बँकांना पत्रं गेली: समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबात धरा, संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात मागता यावा. शेवटचं वाचताना अंगावर काटा येतो, की एवढ्यासाठीही पत्र काढावं लागलं. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खाली उपचाराच्या वेळी आपला प्रतिनिधी म्हणून कुठल्याही सज्ञान माणसाचं नाव आधी लिहून ठेवता येतं, नातं लागत नाही. बाकीच्या दवाखान्यांना असं बंधन नाही. तुमच्या संमतिपत्राचा रकाना तिथेच अडला.

---

धायरीची आई

रेशनकार्डाचं कळल्यावर दोघे एका कार्यालयात गेले होते. खिडकीवरच्या माणसाने नीट ऐकून घेतलं, पण त्याला त्या पत्राची काहीच माहिती नव्हती. "मराठीत काही आलंय का आमच्याकडे? साहेबांना विचारून या." साहेब रजेवर. दोन खेपा झाल्या, मग पोरांनी नाद सोडला. म्हणजे दिल्लीत निघालेला कागद खिडकीपर्यंत येत नाही. तो आणायला लोकप्रतिनिधी लागतो.

---

दस्त क्रमांक

मी दस्तनोंदणीच्या कामात आहे, वीस वर्षं. माझ्यासमोर घडलेलं लिहितो, माणसांची ओळख कळणार नाही एवढं.

दोन बायका आल्या होत्या. साठीच्या आसपास. बावीस वर्षं एकत्र. फ्लॅट एकीच्या नावावर, तो तिला दुसरीच्या नावाने करायचा होता, कारण तब्येत बरी नव्हती. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची बायको यांना बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. स्थानिक अधिभार आणि नोंदणी वेगळी. या दोघी कायद्याने एकमेकींच्या कुणीच नाहीत. त्यांना खरेदीखताच्या दराने शुल्क. हिशोब केला, काही लाखांत गेला. त्याशिवाय ५० हजारांच्या वरची भेट नातेवाइकाबाहेरच्याकडून आली तर तिच्यावर आयकर. (या कराला एका समलिंगी जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलंय.) आजारी बाईंनी आकडा दोनदा विचारला. दुसरी म्हणाली, "राहू दे गं, चल." पर्समधून तिने चष्म्याची डबी काढली, आजारी बाईंचा चष्मा उतरवून पुसला, परत त्यांच्या डोळ्यांवर लावला आणि दोघी उठल्या. मी शेवटी मृत्युपत्र सुचवलं, त्याला मुद्रांक लागत नाही. ते झालं. पण मृत्युपत्राला भाचे-पुतणे आव्हान देऊ शकतात, आणि जिवंतपणी घर देण्याचं समाधान त्यात नाही.

मुद्द्याचं: मुद्रांक शुल्क राज्याच्या हातात आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ९ खाली सरकार साध्या अधिसूचनेने शुल्क कमी किंवा माफ करू शकतं. त्याला संसद लागत नाही, विधेयकही लागत नाही. तेव्हा पत्र खासदारांना द्या, आणि दुसरं आमदारांना.

---

शिवाजीनगर कोर्ट

अनुमोदन. आणि विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे, राज्यालाही त्यात बोलता येतं. मे २०२३ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात राज्यांची मतं सांगितली, तेव्हा राजस्थान, आंध्र आणि आसामने विरोध कळवला होता. महाराष्ट्राने अधिक विचाराला वेळ हवा असं कळवलं होतं. त्या वेळात काय विचार झाला, हे आमदारांनी सभागृहात विचारायला हरकत नाही. राजस्थानात तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं, आंध्रात वायएसआर काँग्रेसचं, आसामात भाजपचं. म्हणजे ही एका पक्षाची गोष्ट नाही, विरोधात नाही आणि बाजूनेही नाही. पत्र सगळ्यांना जाऊ द्या.

---

निवृत्त माणूस

सगळे प्रतिसाद वाचले. लग्नाबद्दल माझं मत बदललेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण त्या दोन बायकांच्या शुल्काचं आणि संमतिपत्राचं पटलं. तो अन्याय आहे.

मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक ते अवर सचिव अशी नोकरी केली. पत्र कसं पुढे सरकतं ते मला ठाऊक आहे. एका पानाच्या वर जाऊ नका. पहिल्याच ओळीत विषय आणि आपण याच मतदारसंघातले मतदार आहोत हे. भावना एका परिच्छेदात, मागण्या क्रमाने, प्रत्येक मागणीसमोर ती कुणाच्या अखत्यारीत आहे ते. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. महिन्याने त्या क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र. टपालाने टाकू नका, हातोहात द्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, खासदारांनी २०२२ मध्ये जे केलं त्याबद्दल सुरुवातीलाच आभार माना. आभाराचं पत्र स्वीय सहायक बाजूला ठेवत नाही, साहेबांपुढे ठेवतो.

---

धायरीची आई

काका, किती नेमकं सांगितलंत. काल रात्री मी आणि ह्यांनी बसून मसुदा केला. मुलाच्या जोडीदाराने टाइप केला. चुका सांगा.

*"मा. खासदार सुप्रियाताई सुळे यांस,*

*विषय: विशेष विवाह कायद्यातील दुरुस्ती आणि समलिंगी, तृतीयपंथी नागरिकांचे हक्क.*

*आम्ही खालील सह्या करणारे आपल्या मतदारसंघातील मतदार आहोत. आपण १ एप्रिल २०२२ रोजी लोकसभेत विशेष विवाह (दुरुस्ती) विधेयक मांडलेत, त्याबद्दल मनापासून आभार. हे आभार मानायला आम्हाला उशीर झाला.*

*ऑगस्ट २०२३ मध्ये माझा मुलगा बेशुद्ध असताना त्याच्यासोबत राहणाऱ्या माणसाला 'रुग्णाशी नाते' या रकान्यात लिहायला शब्द मिळाला नाही. आपल्या विधेयकात तो शब्द होता. तो कायद्यात यावा म्हणून आपण सभागृहात बोलत राहावे आणि इतर पक्षांच्या सदस्यांनाही सोबत घ्यावे. आम्ही जाहीरपणे आपल्या पाठीशी आहोत.*

*तोवर पुढील गोष्टी व्हाव्यात: केंद्राच्या २०२४ मधील रेशनकार्ड व बँक खात्यांविषयीच्या पत्रांची माहिती मराठीतून प्रत्येक खिडकीवर लागावी (राज्य शासन). रुग्णाने लेखी नेमलेल्या व्यक्तीची संमती दवाखान्यांनी मानावी (राज्य व केंद्र). घर भाड्याने देताना भेदभावास मनाई करणारा कायदा व्हावा (राज्य व केंद्र). एकत्र राहणाऱ्या जोडीदारांना राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर मुद्रांक शुल्कात सवलत मिळावी (राज्य शासन, अधिसूचनेद्वारे). तृतीयपंथीयांना नालसा निकालानुसार शिक्षण व नोकरीत राखीव जागा मिळाव्यात, आणि त्यांच्यावरील अत्याचारास इतर नागरिकांइतकीच शिक्षा असावी (केंद्र).*

*आपली कृपाभिलाषी"*

खाली माझं नाव, ह्यांचं नाव, मग मुलाचं आणि त्याच्या जोडीदाराचं, एकाखाली एक, एकाच पत्त्यावर. आमदारांच्या पत्रात राज्याच्या मागण्या वर घेतल्यात.

---

भोसरीहून

शेवटची मागणी वाचली. गुरूंना वाचून दाखवली. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावली.

---

सासवडचा

घराची ओळ आली. थँक्यू काकू. त्या मास्तरांना दाखवावं असं वाटतंय. अजून धीर होत नाही.

---

वारजे माळवाडी

पहिल्यांदाच लिहितेय. माझी धाकटी बहीण. सही माझी धरा, आईचीही. कुठे यायचं?

---

निवृत्त माणूस

मसुदा चांगला आहे. 'कृपाभिलाषी' काढा. तुम्ही मतदार आहात, कृपा मागायला जात नाही. नुसतं 'आपली' लिहा. सह्यांसमोर मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक घाला, म्हणजे कुणी म्हणणार नाही की बाहेरची माणसं आहेत. आमदारांच्या पत्रातल्या मुद्रांक शुल्काच्या आणि दवाखान्याच्या मागणीला माझी सही चालणार असेल तर मी येतो. लग्नाच्या पत्रावर करणार नाही.

---

धायरीची आई

चालेल काका, आनंदाने चालेल. 'कृपाभिलाषी' काढलं.

रविवारी सकाळी दहा ते बारा आमच्या घरी या, पत्ता व्यनित कळवते. दोन्ही पत्रं वेगवेगळ्या टेबलांवर ठेवते, ज्याने ज्यावर हवी त्यावर सही करावी. मतदार ओळखपत्र सोबत आणा. पोहे आहेत. सोमवारी मी आणि मुलाचा जोडीदार पत्रं द्यायला जातोय, मुलाला सुट्टी नाही. आवक क्रमांक मिळाला की इथेच लिहीन.